भोंगा कुणी वाजवला

संपादकांचं पत्र आलं, 'अप्पा, तुमच्या ड्रायव्हरकीतले गमतीचे प्रसंग लिहून पाठवा. दिवाळीत लोकांना चार घटका हसू द्या.' मी लगेच होकार कळवला. मोटार चालवण्यात माझा जन्म गेला आणि मोटारीत बसलेला माणूस घरच्यापेक्षा जास्त खरा वागतो, हे मी पैजेवर सांगेन. कोंबडीला तिकीट लागतं का यावरून झालेली हाणामारी, पुढची सीट मिळाली नाही म्हणून चाकापुढं आडवा झालेला जहागीरदाराचा मेहुणा, असे आठवतील तसे प्रसंग मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर टिपायला लागलो. सात झाले होते.

आठवा टिपायच्या आधी रेडिओवर एक बातमी लागली. कुठल्याशा देशाचं विमान चार-पाच जणांनी आकाशातच ताब्यात घेतलं होतं आणि पिस्तुलाच्या धाकानं भलतीकडंच उतरवलं होतं. बातमी देणारी बाई एक शब्द सारखा म्हणत होती, हायजॅक. मी शेजारच्या सरांना विचारलं. ते कॉलेजात शिकवतात आणि कुणी काही विचारलं की त्यांना आनंद होतो.

"चोरी आणि हायजॅक यात फरक आहे, अप्पा," सर म्हणाले. "चोर गाडी पळवतो तेव्हा ड्रायव्हर खाली राहतो. हायजॅकमध्ये ड्रायव्हर आपल्या जागेवरच असतो. चाक त्याच्याच हातात असतं. फक्त जायचं कुठं, हे बंदूकवाला ठरवतो. आता लोक कशालाही तो शब्द लावतात म्हणा. आमच्या संस्थेची सभा दोघांनी ओरडून ताब्यात घेतली, तर तिलाही हायजॅकच म्हणाले."

"मग त्यात ड्रायव्हरचा दोष किती?"

"काहीच नाही. त्या वेळी त्याचे हात त्याचे नसतातच."

सरांनी हे चहा ओतता ओतता सांगितलं. मी चहा तसाच टाकून उठलो. इतकी वर्षं ज्या गोष्टीला माझ्याकडं नाव नव्हतं, तिला जगात नाव होतं, आणि त्या नावात ड्रायव्हर निर्दोष होता. मी घरी आलो आणि कॅलेंडरचा कागद फाडून टाकला. संपादकांनी माफ करावं, यात हसण्यासारखं फार थोडं आहे.

थोडं आहे ते आधी सांगून टाकतो.

मी ड्रायव्हर झालो तेव्हा निजामाचं राज्य होतं. परभणीहून सरकारी मोटार सुटायची आणि खेड्यापाड्यांतून धक्के खात गोदावरीच्या अलीकडच्या काठाला जायची. सोनपेठचे उतारू तिथं उतरून नावेनं नदी ओलांडायचे. आमचं काम उर्दूत चालायचं. छातीवर पितळी बिल्ला, अंगात खाकी कोट, आणि डेपोचे मुख्य अधिकारी मोहतमीमसाहेब, त्यांच्यापुढं उभं राहायचं तर कोटाची सगळी बटणं लावलेली. ड्रायव्हरला तेव्हा मान होता. बायका मुलांना दाखवायच्या, "त्यो बघ, मोटारवाला अप्पा."

युद्धाच्या काळात पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारींच्या मागं कोळशाची भट्टी बसवली. भट्टीत कोळसा पेटवायचा, त्याचा धूर नळीतून पुढं आणायचा आणि त्या धुरावर इंजिन चालवायचं. नवख्याला हे खोटं वाटतं, पण मी अशी मोटार वर्षानुवर्षं चालवलेली आहे. भट्टी तापायला अर्धा-पाऊण तास जायचा. इंजिन एकदा बंद पडलं की पुन्हा तीच कथा. सपाटीवर गाडी बरी चालायची, चढावर मात्र जीव टाकायची. मग उतारू खाली उतरून ढकलायचे आणि वर पोचल्यावर पुन्हा आपापल्या जागेवरून भांडायचे.

अशाच एका उन्हाळ्यात माझी मोटार पहिल्यांदा हायजॅक झाली. एका वऱ्हाडाच्या बैलगाड्यांपैकी नवऱ्याचीच गाडी आख मोडून बसली होती आणि मुहूर्त टळत चालला होता. नवऱ्याचा चुलता चाकापुढं आडवा झाला. "अप्पा, आदी माज्या आंगावरून घाला आन् मंग फुडं जावा," म्हणाला. उतारूही वऱ्हाडाला सामील झाले, कारण जेवणाचा वास सगळ्यांना आला होता. मी गाडी वळवली आणि दीड कोस आडवाटेनं नेली. नवरा मोटारीतून उतरला तेव्हा मुलीच्या बापाला वाटलं, स्थळ आपण समजत होतो त्यापेक्षा बरंच मोठं आहे. मला फेटा बांधला, कंडक्टर गफूरमियाँला दोनदा वाढलं, आणि माझ्या मोटारीला हळदकुंकू लागलं.

दुसऱ्या दिवशी मोहतमीमसाहेबांनी बोलावलं. "गाडी कौन ले गया?" मी म्हणालो, "वऱ्हाड." ते म्हणाले, "चाक किसके हात में था?" "माझ्या." "तो फिर तू ले गया." आठ दिवस घरी बसवलं. हसलो आम्ही सगळे. पण साहेबांचा तो हिशेब माझ्या डोक्यात कायमचा बसला, की चाक ज्याच्या हातात, गाडी त्यानंच नेली.

आता दुसरी वेळ.

अठ्ठेचाळीस सालचा श्रावण होता. पोलीस अ‍ॅक्शनला महिनाभर अवकाश होता, पण तेव्हा हे कुणाला माहीत. चारी बाजूंनी नाकेबंदी होती, पेट्रोल पुन्हा नाहीसं झालं होतं आणि आम्ही पुन्हा कोळशावर आलो होतो. खाकी कपडे घातलेले, भाले-बंदुका घेतलेले लोक गावोगाव हिंडत होते. त्यांचं नाव लिहायची गरज नाही, मराठवाड्यात जुन्या माणसाला ते सांगावं लागत नाही. त्यांची लॉरी दुरून दिसली की गावं ओस पडायची. ज्वारी डोक्याएवढी वाढलेली होती. माणसं लेकरं घेऊन ज्वारीत शिरायची आणि लॉरी जाईपर्यंत श्वास रोखून बसायची.

त्या दिवशी सकाळी परभणीच्या वेशीबाहेर त्यांच्यातल्या आठ जणांनी रस्त्यात उभं राहून माझी मोटार अडवली. मला वाटलं, झडती असेल. पण त्यांच्या म्होरक्यानं दार उघडलं आणि शांतपणे सांगितलं, "सब उतर जाव. आज ये गाडी हमारे काम की है."

उतारू उतरले. एक म्हातारी उतरताना सारखी म्हणत होती, "माझं गठुडं ऱ्हायलं, माझं गठुडं ऱ्हायलं," पण परत चढायची तिची छाती झाली नाही.

गफूरमियाँ मात्र दारातून हलला नाही. हा माणूस परभणीचाच, पाच वेळा नमाज पढणारा, आणि तिकीट न काढणाऱ्याला सात पिढ्या आठवायला लावणारा. तो म्हणाला, "सरकारी गाडी है भाई. परवाना दिखाव, फिर बैठो." म्होरक्या म्हणाला, "मियाँ होके हमकू परवाना पूछता?" गफूरमियाँ म्हणाला, "मियाँ हूँ, इसलिए पूछता. मेरे कू ऊपर जवाब देना है." एकानं बंदुकीचा दस्ता त्याच्या कपाळावर मारला. तो पायरीवरच बसला. रक्त डोळ्यात उतरलं, तरी त्यानं तिकिटांची पेटी सोडली नाही. त्यांनी त्याला आत ओढलं आणि माझ्या मागच्या बाकावर टाकलं.

माझ्या मानेला बंदुकीची नळी लागली. गार होती. मी घाबरलो. इंजिनाला धूर पुरवणाऱ्या नळीची चावी बंद केली असती तर इंजिन बसलं असतं आणि पाऊण तास ते कुणाच्या बापाला चालू करता आलं नसतं. हे मला तेव्हाच सुचलं होतं. मी ते केलं नाही. मला चार लेकरं होती आणि मला मरायचं नव्हतं, एवढंच त्याचं कारण आहे.

वाटेत त्यांच्या बोलण्यावरून कळलं, कुठं जायचं ते. त्यांना मास्तर हवे होते.

मास्तर म्हणजे रस्त्यापासून पाव कोस आत असलेल्या एका गावचे शाळामास्तर. गावाचं नाव मी लिहीत नाही. फाट्यावर एक मोठा लिंब होता, म्हणून आम्ही त्याला लिंबाचा फाटा म्हणायचो. तेव्हा खेड्यातलं टपालाचं काम शाळामास्तरांकडंच असायचं. डाकेची थैली मोटारीनं यायची. मी फाट्यावर थैली द्यायचो, मास्तर गावची थैली माझ्या हातात ठेवायचे आणि दोन शब्द बोलून परत शाळेत जायचे. सात-आठ वर्षं हा आमचा रोजचा परिपाठ होता. त्यांच्या घरी मी जेवलेलो होतो. त्यांच्या बायकोला, कौसाबाईंना, मी वैनी म्हणायचो. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या शाळेवर कुणीतरी तिरंगी झेंडा लावला होता. कुणी लावला ते मास्तरांनी शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं, आणि तेवढाच त्यांचा गुन्हा होता.

मग मला उमगलं की यांनी स्वतःची लॉरी सोडून माझी मोटार का धरली. लॉरी दिसली की गाव ज्वारीत पळतं, पण अप्पाच्या मोटारीला कुणी भीत नाही. माझ्या आठ-दहा वर्षांच्या इमानदारीचा त्यांना असा उपयोग सुचला होता.

तरी मला एक आशा होती. ती नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. मास्तर होते गावात, आणि गाव आत पाव कोसावर. मोटार रोज फाट्यावरून सरळ निघून जायची, गावात कधीच शिरायची नाही. आज ती फाट्यावरून आत वळली असती तर बांधावरच्या कुठल्याही गुराख्याला कळलं असतं की काहीतरी विपरीत आहे. त्या चिखलवाटेनं कोळशाची मोटार गावात पोचेपर्यंत मास्तर ज्वारीत दूर निघून गेले असते. त्यांना तेवढा वेळ मिळेल, असं मी मनात धरून बसलो होतो. वाटेतले सगळे थांबे त्यांनी चुकवायला लावले होते, तरी मी शंभूमहादेवाचं नाव घेत गाडी होता होईल तो सावकाश चालवत होतो.

फाट्याच्या अलीकडं मोठा चढ आहे. कोळशाच्या गाडीला तो चढ म्हणजे काळ. डावा हात धुराच्या चावीवर, कान इंजिनावर, आता बसतं का मग बसतं, असं करत गाडी वर काढावी लागायची. त्या दिवशीही तेच चाललं होतं. मानेवर बंदूक होती, तरी चढ लागला की ड्रायव्हरचं लक्ष चढाकडंच जातं. गाडी वर आली, इंजिनानं सुस्कारा टाकला, लिंब दिसला.

आणि माझ्या उजव्या हातानं भोंगा वाजवला.

आमचे भोंगे तेव्हा रबरी फुग्याचे असत, ड्रायव्हरच्या खिडकीबाहेर बसवलेले. फुगा हातानं दाबायचा. प्रत्येक ड्रायव्हरची दाबण्याची तऱ्हा वेगळी असायची. माझी तऱ्हा दोन आखूड आणि एक लांब अशी होती. लिंबाच्या फाट्यावर त्याचा अर्थ एकच होता, डाक आली, मास्तर या.

मला कुणी सांगितलं नव्हतं. म्होरक्याला तर ही पद्धत माहीतच नव्हती, तो दचकला आणि त्यानं नळी मानेत रुतवली, "कायकू बजाया?" मी त्या हाताकडं बघत होतो. हात अजून फुग्यावरच होता. मागून गफूरमियाँचा आवाज आला, अगदी हळू, "अप्पा, ये क्या करे?"

गाडी आत वळवायचं कामच पडलं नाही. गावाकडच्या वाटेनं मास्तर येताना दिसले. डोक्याला टोपी, खांद्यावर थैली, आणि उशीर झाला की चालायचे तसे भरभर. म्होरक्या हसला आणि त्यानं सगळ्यांना खाली वाकून बसायला सांगितलं.

मी ओरडू शकलो असतो. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता त्याला धारच राहिली नाही. मी ओरडलो नाही. मास्तर रोजच्यासारखे माझ्या खिडकीपाशी आले, "आज लवकर आलाव की अप्पा," म्हणाले, आणि मग त्यांनी माझं तोंड पाहिलं. तोपर्यंत दोघे मागच्या दारानं उतरून त्यांच्या पाठीमागं उभे होते.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. खांद्यावरची थैली काढून खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली. "अप्पा, ह्याच्यात दोन रजिस्टर पत्रं हाईत. जपून न्या," म्हणाले. मग ते गाडीत चढले.

कोसभर पुढं एक ओढा आहे. तिथं गाडी थांबवायला लावली. ते मास्तरांना घेऊन ओढ्यापलीकडं गेले आणि मला गाडी फिरवून परत जा म्हणाले. मी गाडी फिरवली. गफूरमियाँ मागं रडत होता. मी परभणीला आलो, थैली टपालघरात दिली आणि पोच घेतली. मास्तर परत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी गावकऱ्यांना ते ओढ्याकाठी सापडले.

महिन्याभरात राज्य पालटलं. आता दुसऱ्या बाजूचे लोक हत्यारं घेऊन हिंडायला लागले आणि गफूरमियाँच्या गल्लीत शिरले. त्याच्या कपाळावरची खूण कशाची आहे हे विचारायला कुणाला सवड नव्हती. मी त्याला आणि त्याच्या घरच्यांना चार दिवस माझ्या घरात ठेवलं आणि मग पूर्णेला नेऊन हैदराबादच्या गाडीत बसवलं. गाडी सुटताना तो खिडकीतून म्हणाला, "अप्पा, वो बात मैं किसी कू नै बोलूंगा. तुम भी नक्को बोलो." भोंगा कुणी न सांगता वाजला, हे डोळ्यांनी पाहिलेला आमच्यातला माझ्याखेरीज तो एकटाच होता. तो गेल्याचं मला दुःख झालं, आणि साक्षीदार गेल्याचं बरंही वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं झालं खरं.

पुढं चौकशी लागली. नवा साहेब मुंबईकडचा होता, स्वच्छ मराठी बोलणारा. माझा बिल्ला काढून घेतला होता. तक्रार अशी होती की ड्रायव्हर सामील होता, त्यानंच भोंगा वाजवून मास्तरांना फाट्यावर बोलावलं. खरं ठरलं असतं तर जन्मठेप तरी नक्की होती.

साहेबांनी विचारलं, "भोंगा कुणी वाजवला?"

"मी."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

इथं मी खरं सांगायला हवं होतं. सवयीनं वाजला, साहेब. चढ संपला की वाजवायची सवय होती. पण हे कोण खरं मानणार? एक माणूस मारला गेला आणि ड्रायव्हर म्हणतो, सवयीनं. मी खाली बघून म्हणालो, "त्यांनी बंदूक लावून वाजवायला लावला."

मग कौसावैनींना बोलावलं. त्या डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या. मी भिंतीकडं बघत होतो. साहेबांनी विचारलं, "बाई, ड्रायव्हरवर तुमचा संशय आहे?" वैनी म्हणाल्या, "न्हाई. अप्पांवर बंदूक व्हती. त्या लोकांनीच भोंगा वाजवाय लावला." साहेबांनी लिहून घेतलं. ही बाई त्या वेळी पाव कोसावर आपल्या चुलीपाशी होती, तिला हे कसं कळलं, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. मलाही सुचलं नाही. मला बिल्ला परत मिळाला.

मी त्याच रस्त्यावर पुढं अठरा वर्षं गाडी चालवली. सरकार बदललं, कोळसा गेला, रबरी फुगा जाऊन बटणाचा हॉर्न आला, शेवटी एसटी आली. लिंबाच्या फाट्यावर मी कधीच हॉर्न वाजवला नाही. लोकांची गाडी चुकायची, शिव्या द्यायचे. मी गाडी उभी करून मुकाट्यानं वाट बघायचो. त्या अठरा वर्षांत कौसावैनी एकदाही माझ्या गाडीत बसल्या नाहीत. मुलाला दवाखान्यात न्यायचं असो की माहेरी जायचं असो, त्या उन्हातान्हात दोन कोस चालून दुसऱ्या रस्त्याला जायच्या. कधी कधी माझी गाडी उभी असताना त्या लांब बांधावरून जाताना दिसायच्या. माझं तोंड बघायची त्यांना किळस येत असणार, असं मी धरून चाललो होतो. त्यात मला नवल वाटत नव्हतं.

सरांनी त्या शब्दाचा अर्थ सांगितला आणि मला आठ दिवस झोप लागली नाही. ड्रायव्हरचे हात त्याचे नसतात, म्हणाले. चाक धरलेला हात माझा नव्हता, कबूल. ब्रेक दाबणारा पाय माझा नव्हता, तेही कबूल. पण भोंग्यावरचा हात? तो बंदूकवाल्याचा नव्हता. तो शब्द मला पांघरायला मिळाला होता, आणि नेमका तेवढा हात त्यातून उघडा राहत होता. नवव्या दिवशी सकाळी मी एसटीत बसलो आणि लिंबाच्या फाट्यावर उतरलो.

कौसावैनी ओसरीत शेंगा फोडत बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. "या अप्पा," म्हणाल्या, आणि सुनेला पाणी आणायला सांगितलं. सून आत गेली तशी मी बोलून टाकलं. बसलोही नाही.

"वैनी, चौकशीत मी खोटं सांगितलं. भोंगा मला कुणी वाजवाय लावला न्हवता. माझा मीच वाजवला. सवयीनं."

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"मला ठावं हाय," म्हणाल्या.

मी जागच्या जागी खाली बसलो.

"कसं?"

"मी रोज ऐकत व्हते की वो. दोन बारके आन् एक लांब. बंदूक लावून वाजवाय लावला असता तर असा वाजला नसता. हात कापला असता तुमचा. त्या दिशी रोजच्यावानीच वाजला, म्हणून तर ह्ये हातातली भाकर ठिवून उठले."

"मंग त्या साहेबाला तसं का सांगितलं?"

"त्यो परका माणूस. त्याला सवय म्हनून सांगितलं असतं, तर त्यानं तुमाला फासावर न्हेलं असतं. तुमी काय मुद्दाम केलं न्हवतं. माझं गेलं ते गेलं, तुमच्या घरी बी चार लेकरं व्हती."

सून पाणी घेऊन आली. तांब्या ठेवून परत गेली. मी पाण्याला हात लावला नाही.

"वैनी, मग माझ्या गाडीत का बसत न्हवता? दोन कोस चालत जायचात. मला वाटायचं, तुमाला माझं तोंड बघू वाटत न्हाई."

त्यांनी सूप बाजूला सारलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं.

"मला वाटायचं, तुमाला ठावंच नसंल," त्या म्हणाल्या. "बंदूक मानेवर, घाबरल्याला जीव. तुमचा हात कवा गेला ते तुमाला कळलं बी नसंल, त्यांनीच वाजवाय लावला आसं तुमाला खरंच वाटत आसंल, आसं मी धरलं व्हतं. तुमच्या गाडीत बसले आन् बोलता बोलता माझ्या तोंडातून निघून गेलं, तर तुमी जगाल कसं? म्हणून न्हाई बसले."

परतीच्या एसटीत मी मागच्या बाकावर बसलो. ती बाई मला कळू नये म्हणून अठरा वर्षं उन्हातून दोन दोन कोस चालली. आणि मला पहिल्या क्षणापासून माहीत होतं, तरी तिच्या ओसरीपर्यंतचा पाव कोस चालायला मी तीस वर्षं लावली.